शोधणाऱ्यांचे अर्ज

जगातले सगळे धर्म एकाच फाइलीत बसवणारा माणूस उज्जैनात होऊन गेला, आणि तो माझ्या मावशीचा नवरा होता. काका सरकारी रेकॉर्डखात्यात कारकून, मी त्यांच्याकडे शिकायला राहिलेला. संस्थान गेलं, मध्यभारत आला, कचेरीवरची पाटी बदलली. पण अर्जाशिवाय काहीच मिळत नाही, देवसुद्धा, ही काकांची श्रद्धा काही बदलली नाही. कचेरी सुटली की ते क्षिप्रेच्या घाटावर बसत आणि दिसेल त्याचा अर्ज भरून घेत. नाव, मुक्काम, शोध कशाचा, किती वर्षं, मिळालं का. साधू, फकीर, पाद्री, गिरणीतला लाल झेंडेवाला, कोणी म्हणून सुटलं नाही. एका नागाबाबांनी चिमटा उगारला, तर काका शांतपणे म्हणाले, "बाबाजी, नाराज मत होइए, बस अंगूठा लगा दीजिए." बाबांनी निमूट लावला! हे सगळे कागद एकाच दोरीत. मी एकदा म्हटलं, "काका, निदान धर्मवार तरी लावा की." माझी कीव करत म्हणाले, "अरे, मागणी सगळ्यांची एकच आहे. पत्ते तेवढे वेगळे."

मग नवं राज्य झालं आणि काकांची भोपाळला बदली झाली. आठ दिवसांत हजर व्हायचं. काकांनी दोन ट्रंका अर्जांनी भरल्या. मावशीला बरोबर न्यायचं की तिने इथेच राहायचं, यावर चकार शब्द नाही. "एकदा विचारतील तर शप्पथ," मावशी मला रोज म्हणायची आणि डोळे पुसून पोळ्या लाटायला घ्यायची. सातव्या दिवशी तिने एक कोरा फॉर्म ओढला, भरला आणि घाटावरून आलेल्या ताज्या अर्जांच्या गठ्ठ्यात सरकवला.

संध्याकाळी काका गठ्ठा तपासायला बसले. मी समोरच होतो. शोध कशाचा? नवऱ्याचा. किती वर्षं? बावीस. मिळालं का? घरातच असतात, पण नाही. काकांनी सवयीने शेरा मारला, 'अर्जदाराने समक्ष भेटावे.' मग नाव वाचलं.

बापरे, तो चेहरा! काका उठले, त्यांनी एक ट्रंक उपडी केली. जगभरचे मुमुक्षू जमिनीवर पसरले आणि काका त्या ट्रंकेत मावशीची लुगडी भरू लागले. "अहो, असं कोंबतात का कधी!" मावशी ओरडली आणि तिथेच रडायला लागली.

सकाळी देवास गेटच्या बसस्टँडवर मी विचारलं, "काका, त्या कागदांचं काय करू?" ते मावशीसाठी खिडकीची जागा धरण्यात गुंतले होते, त्यांना ऐकूच आलं नाही. बस गेली. मला त्या दिवशी फार एकटं वाटलं.