चष्म्यातला मासा

लेक चार वर्षांची असताना तिचा उजवा तळहात गरम इस्त्रीला चिकटला. पट्टी बदलताना बोटं ताणून सरळ करावी लागतील, नाहीतर ती कायमची आखडून बसतील, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं. पण लेक हात लावू देईना. वारज्यातला तो अख्खा दवाखाना ती डोक्यावर घ्यायची. मी तिला मांडीवर आवळून धरायचे आणि स्वतःच रडायचे.

मग लेकीचं लक्ष दुखण्यावरून उडावं म्हणून बाईंनी एक व्हीआरचा चष्मा आणला. डोळ्यांवर चढवला की आत समुद्र. मी आयटीतली, दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका काढून पोट भरणारी. म्हटलं, घ्या, आता इथेही स्क्रीन. पण लेक गप्प झाली. खरंच गप्प. चिमट्याने जुनी पट्टी सुटत होती आणि ती मान वळवून कुठल्याशा निळ्या माशाकडे बघत होती. मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटेना. रडायची तेव्हा निदान कुठे दुखतंय ते कळायचं.

"आता हिला धरायची गरज नाही," बाई मला म्हणाल्या. तरी मी धरूनच ठेवलं.

एके दिवशी बाई करंगळी ताणत होत्या. लेक शांतपणे म्हणाली, "आई, मासा माझं बोट खातोय."

"चष्मा काढू का, बाळा?"

"नको. खाऊ दे. त्याचं झालं की तो जातो."

बाई हसल्या. "कल्पनाशक्ती दांडगी आहे हो तुमच्या मुलीची."

मला त्या हसण्याचा असा राग आला म्हणून सांगू. पण बोटं उघडत होती. तक्रार करायची ती कुठल्या तोंडाने?

हात बरा झाला. पाचही बोटं सरळ. नवऱ्याने दवाखान्यात पेढे वाटले आणि त्याच आनंदात आम्हाला कात्रजच्या एका हॉटेलात जेवायला नेलं. दाराशीच काचेची मोठी पेटी होती, पाण्याने भरलेली. आत एक निळा मासा फिरत होता.

लेक थबकली. मला वाटलं, आता भोकाड पसरणार. उचलून घ्यायला मी वाकलेसुद्धा. ती रडली नाही. काचेजवळ गेली, फ्रॉकची बाही वर सारली, उजवा हात उघडून माशासमोर धरला आणि मला विचारलं, "आई, आज कुठलं बोट?"