भेस्तान सोडताना

चिंध्या घरात कशा साठतात ते सुरतेच्या बाईला सांगावं लागत नाही. आमच्या मराठी प्रार्थना मंडळीतले किस्सेही तसेच साठले. प्रार्थना अर्धा तास, नंतरचा चहा दोन तास. मग दुसरं काय होणार?

* * *

आमचे हे, म्हणजे शांतवन, जालन्याकडचे. भेस्तानच्या कापड कारखान्यात लूम चालवतात. तरुणपणापासून एकच ध्यास, उपदेशक व्हायचं. देवानं काढून कुठं उभं केलं, तर लूमपुढं.

एकदा शहरातून येणारे पाळकसाहेब आलेच नाहीत. हे लगेच उभे राहिले. विषय होता देवाची शांती. पण जन्म गेला लूमच्या खडखडाटात, हळू बोलायची सवयच नाही. शेवटचं 'आमेन' झालं तेव्हा दारात घरमालकीण हंसाबेन उभी. मला हळूच म्हणते, "झगडो पती गयो, बेन?"

भांडण मिटलं का म्हणून विचारायला आली होती बिचारी.

* * *

पाळकसाहेब पुढच्या वेळी आले, ते नेमके मे महिन्यात. असेल त्या स्थितीत संतुष्ट राहावं, यावर मोठा सुंदर उपदेश चालला होता. तेवढ्यात लाइट गेली. दहा मिनिटांत साहेब खुर्ची उचलून गॅलरीत जाऊन बसले आणि तिथून बोलू लागले.

योनाकाका आमच्यात सगळ्यात वडील. इच्छापोरला एका गेटवर वॉचमन आहेत. ते म्हणाले, "साहेब, संतोष गॅलरीत जास्त मिळतो का?"

साहेब खूप हसले. पण खुर्ची घेऊन आत आले आणि शेवटपर्यंत आमच्याबरोबर घामात बसले. त्या दिवसापासून मला त्यांच्याबद्दल माया वाटते.

* * *

रूथबाई साड्यांना स्टोन लावायचं काम घरी करते. नवरा अंथरुणाला खिळलेला. एका बैठकीत ती रडायलाच लागली. "तुम्ही सगळे दवाखान्यात जाऊन प्रार्थना करता, वस्तीत जाता. माझा दिवस ह्यांना कुशीवर वळवण्यात जातो. माझ्या हातून देवाची काय सेवा होणार?"

बायका तिची समजूत घालायला लागल्या. मीही काहीतरी बोलले, आता आठवतही नाही.

योनाकाका म्हणाले, "प्रभूलाही क्रुसावरून कुणीतरी खाली उतरवून घेतलंच होतं ना, बाई?"

रूथनं डोळे पुसले, "यांची पाणी प्यायची वेळ झाली," म्हणाली आणि घरी गेली.

* * *

आता माझं सांगते. दुसऱ्याला संतोष शिकवायला मी पुढे, स्वतःच्या नावानं शिमगा. भिंतीपलीकडे लूम, ताटातली वाटीसुद्धा सरकते. "प्रभू, काढ इथून," ही माझी रोजची प्रार्थना.

आणि प्रभूनं ऐकलं. कामरेजजवळच्या एका लहान मंडळीनं यांना बोलावलं. उपदेश करायचा, मंडळी सांभाळायची. राहायला घर, पुढं अंगण, अंगणात लिंबाचं झाड. यांनी होकार द्यायच्या आधीच मी भांडी पोत्यात भरली.

हे मात्र पोत्याला हात लावेनात. म्हणाले, "जन्मभर मागितलं ते समोर आलंय आणि हात पुढं होत नाही."

मी म्हटलं, "हात राहू द्या, पाय उचला."

मला खरंच राग आला होता. एवढं चांगलं कुणाचं होतं?

* * *

निघायच्या दिवशी सकाळी टेम्पो लागला. कपाट चढलं, पलंग चढला, ड्रायव्हरनं दोरी आवळली. तेवढ्यात भास्करभाऊ पाटील आले. धुळ्याकडचे. यांच्या समोरच्या लूमवर बारा वर्षं काम केलेलं. कपाळाला कुंकू, हातात नारळ. त्यांच्या मुलीला, कल्याणीला, फिट येतात, हे यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं.

नारळ दिला, पण माणूस जाईना. पायरीवर बसून राहिला. मग म्हणाला, "शांतवन, तू रोज लूम चालू केल्यावर तुझ्या देवाशी बोलतोस."

हे चपापले. "तुला कसं माहीत? त्या आवाजात मलाच माझं ऐकू येत नाही."

"ऐकायचं कशाला? तिथं आपण सगळे एकमेकांचे ओठच बघून बोलतो ना? तू वहिनींचं नाव घेतोस. त्या रूथबाईच्या नवऱ्याचं घेतोस. मग माझ्या कल्याणीचं घेतोस."

"कधी बोलला नाहीस, भास्कर."

"काय बोलू? तुझ्या तोंडून तिचं नाव निघालं की मग मी माझा लूम चालू करतो. घरी पोरीलाही सांगून ठेवलंय, तुझं नाव रोज जातं वर."

भास्करभाऊंना मराठीही सुचेना, घरची अहिराणी तोंडात आली.

"आते मनी पोरनं नाव कोन लेई, भाऊ?"

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर खोचला, टेम्पोपाशी गेले आणि आवळलेल्या गाठीला हात घातला.

"भाई," मी म्हटलं, "दोरी छोडी नाखो."