रेडिओतला बिब्बा

लग्न होऊन भोरला आले तेव्हा नवऱ्याचं बाजारपेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि मला प्रश्न विचारायची खोड होती. दुपारी डबा घेऊन जायचे ती संध्याकाळपर्यंत स्टुलावर ठाण मांडून बसायचे. ट्रान्झिस्टर उघडला की आत एक तपकिरी पाटी दिसायची. तिच्यावर तांब्याच्या रेघा, आणि रेघांवर नेलपॉलिशसारखा पातळ लेप. तार सोल्डर करायची तर आधी तेवढ्या जागेवरचा लेप खरवडून काढायचा.

"मग लावतात कशाला?" मी विचारलं.

"तांबं टिकावं म्हणून."

"आणि आपण काढतो कशाला?"

"तार जोडावी म्हणून. झालं समाधान?"

झालं नव्हतं. मला ते सोल्डरिंग आयर्न माझ्या हातात हवं होतं. "हात भाजेल," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. रोज दोन्ही वेळा चुलीवर भाकऱ्या भाजणाऱ्या बाईला हे सांगताना त्यांना हसू कसं येत नसे, देव जाणे.

एका बाजाराच्या दिवशी पासलीचे एक शेतकरी मुका झालेला रेडिओ घेऊन आले. त्यांची मुलगी वेल्ह्याला शिकत होती. शाळेच्या मुलींचं गाणं पुण्याला जाऊन ध्वनिमुद्रित झालं होतं आणि ते दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी लागणार होतं.

"वाडीत रेडिओ ह्यो येकच हाय, मेस्त्री," ते म्हणाले. "पोरगी पुढं उभी ऱ्हाऊन म्हनलीया. उद्या दुपारच्या येष्टीला म्या निगतो. तवर बोलता करा."

रात्री पाहुण्यांकडे मुक्कामाला ते गेले आणि ह्यांनी रेडिओ उघडला. स्पीकरची तार पाटीवरून निसटली होती, एवढंच. पण ह्या पाटीवरचा लेप काळाकुट्ट आणि जाड होता. सोल्डर काही केल्या चिकटेना, मोत्यासारखे गोळे होऊन घरंगळायचं. हे इरेला पेटले. वाकून आयर्न दाबून धरत राहिले आणि धूर तोंडावर घेत राहिले.

सकाळी उठले तेव्हा पापण्या टम्म सुजलेल्या, बोटं वांग्यासारखी. मी घाबरले. हे मात्र हट्टाने दुकानात आले. थोड्या वेळात पासलीकर हजर.

"चांगल्या रेडिओत कुणी बिब्बा घातलाय कोण जाणे," हे वैतागून म्हणाले. म्हणजे दुसऱ्या कुणी तरी हात घालून वाट लावली आहे.

"म्याच घातला की!" पासलीकर म्हणाले.

"तुम्ही? कशाला?" मी विचारलं.

"आमच्याकडं लई पाऊस. मीठसुदिक पानी हुतं. दाराच्या चौकटीला बिब्बा लावतो, तवा वल धरत न्हाई. म्हनलं, ह्येलाबी लावावा. पिसानं लावला, पातळ."

खरोखरीचा बिब्बा! त्याचं तेल अंगावर उततं, आणि ह्यांनी तर रात्रभर त्याचा धूर घेतला होता. वाक्प्रचारातला माणूस पहिल्यांदाच मला समोर भेटला होता. मला हसू फुटलं, पण पासलीकर ह्यांच्या बोटांकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा पडला होता. "मेस्त्री, माज्यापायी झालं ह्ये. आता पोरीचं गानं?"

ह्यांची बोटं मिटत नव्हती. "मी करते," मी म्हटलं आणि उत्तराची वाट पाहिली नाही.

हातांना खोबरेल चोपडलं, पदर नाकावर बांधला. लेप तापवायचा नाही, एवढं कळलंच होतं. ब्लेड लावलं तर लेपाबरोबर तांब्याची रेघच उचकटायला लागली. मग मला आठवलं, आदल्याच आठवड्यात माझी एक काचेची बांगडी वाढली होती आणि तिचा तुकडा पर्समध्ये तसाच होता. त्या काचेची धार तिरकी धरून हलकेच ओढली. बारीक काळी साल निघाली. पुन्हा ओढली.

"निघतंय का?" हे डोळे मिटून विचारत होते. "तांबं दिसलं? कसं दिसतंय? लाल की काळपट?"

आता प्रश्न त्यांचे होते. मला फार बरं वाटलं.

स्पिरिटने पुसल्यावर तांबं लख्ख निघालं. राळ लावली, आयर्न टेकवलं, आणि सोल्डर पाण्यासारखं पसरून बसलं. बटण फिरवताच बाजारभाव ऐकू आले. पासलीकर रेडिओ काखोटीला मारून एसटीकडे धावले.

संध्याकाळी आम्ही दुकानातल्या सेटवर गाणं ऐकलं. माझं अर्धं लक्ष पासलीत होतं. खडखडत्या एसटीत, पुढच्या पायवाटेवर माझा जोड सुटला तर नाही?

पुढच्या दिवाळीनंतर ते तांदळाची पिशवी घेऊन आले. काखेत रेडिओ होताच.

"बिघडला?"

"न्हाई वो बाई. दावाया आनलाय."

"गाणं ऐकलंत ना? मुलीचा आवाज ओळखू आला?"

"कुठला? समद्याच माज्या पोरीवानी वाटल्या."

त्यांनी मागचं झाकण काढलं. मी खरवडून लख्ख केलेल्या जागेवर, नेमका माझ्या जोडावर, काळा ठिपका होता.

"तुमचा टाका हाय," ते म्हणाले. "पावसात सुटंल म्हनून तेवड्यावर बिब्बा लावला."