छप्पर चढलं की येतो

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आईबाबा टांझानियाला गेले तेव्हा मी आठवीत होते. बाबा साताऱ्यात गवंडीकाम करता करता सुवार्तिक, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचारक, झालेले. तिकडच्या एका खेड्यात चर्च बांधायचं होतं आणि गरीब, पोरक्या मुलांची शाळा चालवायची होती. बाबा बांधणार, आई शिकवणार. माझं शिक्षण बुडू नये म्हणून मला सांगलीत मावशीकडे ठेवलं. हे कारण मला तेव्हाही पटलं नव्हतं. परमुलखातल्या मुलांना शिकवायला निघालेल्या बाईला स्वतःची एक मुलगी सोबत नेऊन शिकवता येत नव्हती का? "छप्पर चढलं की येतो," बाबा म्हणाले आणि गेले.

त्यानंतर माझा पाय घरात ठरेना. शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि पोस्टमनच्या वाटेवर जाऊन उभं राहायचं. मावशीचं घर हळदीच्या पेठेमागे होतं. वाळत घातलेल्या कपड्यांवर पिवळी धूळ बसायची, ती झटकून घड्या घालायचं काम माझं. तेवढा वेळही मी एका जागी थांबायची नाही, अर्धे कपडे तसेच दोरीवर राहायचे आणि मावशीची बोलणी खायची.

पत्रं यायची, पण सांगलीतल्या आमच्या चर्चच्या मंडळीच्या नावाने. पाळकसाहेब ती रविवारी उपासनेत मोठ्याने वाचायचे. माझी आई कशी आहे हे मला तिसऱ्या बाकावर बसून सगळ्यांबरोबर कळायचं. भिंती खिडकीपर्यंत आल्या. पावसात एक भिंत कोसळली. एका लहान मुलीला ताप होता, आई तिच्या उशाशी बसून होती. शेवटच्या ओळीत मला आशीर्वाद. त्या तापाच्या मुलीचा मला भयंकर राग आला होता, खोटं कशाला सांगू.

पत्र वाचून झालं की प्रार्थनेचे विषय घ्यायचे. ज्याला अडचण असेल त्याने उभं राहून सांगायची, मग सगळ्यांनी डोळे मिटून ती देवापुढे मांडायची. कुणाची म्हैस आजारी, कुणाच्या मुलाची मिलिटरी भरती. मी दर रविवारी छप्पर मागायची. एवढीशी पोर, पण सेवेची केवढी तळमळ, असं बायका कौतुकाने म्हणायच्या.

दहावीच्या वर्षी पत्र आलं की छप्पर चढलं. मी मावशीचा हात घट्ट धरला. पाळकसाहेबांनी पान उलटलं. शेजारच्या गावानेही चर्चसाठी जागा दिली होती आणि बाबांनी होकार कळवला होता. मंडळीने टाळ्या वाजवल्या.

प्रार्थनेचे विषय सुरू होताच मी उभी राहिले. "आता आणखी कुठल्या गावाला चर्च हवंसं वाटू देऊ नकोस," मी म्हणाले. "माझ्या आईबाबांना परत येऊ दे."

मागच्या बाकावरून तासगावकडची एक म्हातारी बोलली, "पोरी, देवाकडं असं मागत्यात व्हय?" मावशी माझा हात ओढत होती. मी बसले नाही. पाळकसाहेबांनी घसा खाकरला आणि घरापासून दूर असलेल्या सर्व लेकरांसाठी प्रार्थना केली. मी मागितलेलं त्यात काहीच नव्हतं.

घरी आल्यावर मावशी म्हणाली, "तुझ्या आईला मी कळवते. तिला कळायलाच हवं." त्या आशेवर मी कसेबसे दिवस काढले. पुस्तक उघडायची, मिटायची, परत दारात जायची.

उत्तर आलं ते माझ्या एकटीच्या नावाने. आयुष्यात पहिल्यांदाच. आईने लिहिलं होतं, "तुझा विषय आम्ही इथल्या मंडळीपुढे ठेवला. तुला वाट बघायची शक्ती मिळावी म्हणून सगळ्या मुलांनी उभं राहून प्रार्थना केली. सोमवारी नव्या चर्चचा पाया खणायला घेतोय."

मावशीला पत्र फार आवडलं. रविवारी तिने ते पाळकसाहेबांकडे दिलं, त्यांनी मोठ्याने वाचलं आणि सगळी मंडळी आमेन म्हणाली. मीही म्हणाले.