दुधाआधी

दहशतवादाच्या त्या वर्षांत चंदीगडमधला कर्फ्यू तासभर उठला, की आम्ही सगळे दुधाच्या रांगेकडे धावत असू. शेजारच्या ब्लॉकमधला एक म्हातारा मात्र रिकामी किटली घेऊन आधी चर्चमध्ये जाई. तो परतेपर्यंत दूध संपलेलं असे. मग तो किटली रुमालाने उगाचच पुसे.

“बाबाजी, यीशूजी दूध नहीं देते?” रांगेतलं कुणीतरी विचारी.

“काली चाय पीके दिन निकल जाता है, पुत्तर. दुआ के बगैर नहीं निकलता.”

आमचं घरही ख्रिस्तीच, पण नाताळापुरतं. बायको गेली त्या आठवड्यात मी रांग सोडून त्याच्यामागे गेलो. त्याने बाकावर सरकून जागा दिली. दूध दोघांनाही मिळालं नाही.

काळा चहा वाईटच लागला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो.