काकूंच्या लुगड्यातली बाटली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सोबतच्या पोरांना नाही, आईला तर नाहीच. मी लिहिणारा माणूस, दुसऱ्यांच्या चुकांवर पानंच्या पानं लिहितो. पण या एका गोष्टीपाशी आलो की पेन ठेवून चहाला उठतो. आज उठणार नाही असं ठरवलं होतं. तरी दोनदा उठलोच. परत येऊन बसलोय.

कुठून सुरू करू? पत्रकांपासून करतो.

मी पत्रकांवर वाढलो. वडील चळवळीतले, घरात पत्रकांचे गठ्ठे. माझी गणितं त्यांच्या कोऱ्या पाठीवर सोडवलेली, शाळेत नेलेली भाकरी त्यांच्यातच गुंडाळलेली. ‘बंधुभगिनींनो’ हा शब्द मला बाराखडी संपायच्या आत वाचता येत होता. माकणीच्या धरणाजवळचं आमचं गाव. गावात शाळेच्या वाटेवर दारूचं दुकान. ते बंद करायचं तर आधी बायांच्या सह्यांचा अर्ज, मग सही करणाऱ्या बायांनी सरकारी साहेबांसमोर हजर राहून त्या सह्यांची पडताळणी आणि मग मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात—उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान नको असेल तर शिक्का आडवीवर.

आमच्या गावात बाटली आडवी करायला निघाल्या होत्या माझ्या चुलती, कमलकाकू. पत्रकं मी लिहायचो. पण खरं सांगू? बाया सही करत होत्या ती काकूंच्या शब्दावर, माझ्या पत्रकावर नाही.

पत्रक छापायला उमरग्याला नेण्याआधी मी ते काकूंना वाचून दाखवायचो. हा आमचा नेमच होता. त्या ज्वारी पाखडत ऐकायच्या. बायांना कळणार नाही असा शब्द आला की सूप थांबायचं. ‘व्यसनाधीनता’—सूप थांबलं. “पिऊन पडणं लिव्ह की,” त्या म्हणायच्या. मी खोडायचो, पुढं वाचायचो, सूप पुन्हा सुरू. माझ्या पत्रकांची जी भाषा लोक वाखाणतात ना—ती सुपानं पाखडलेली आहे.

आणि हाच मी पुण्यात शिकताना वाईन प्यायला लागलो होतो. वाईन म्हणजे काही दारू नव्हे, असं स्वतःला सांगायचो. गावातल्या गड्यानं प्यायली की पिऊन पडणं आणि मी पातळ काचेच्या पेल्यातून प्यायलो की ती आवड? हे वाक्य मी कुठल्या पत्रकात कधी का लिहिलं नाही?

पण माझी कबुली ही नाही. प्यायल्याची कबुली सोपी असते. थोडा हशा होतो, लोक पाठीवर थाप मारतात. मी अजून कडेकडेनंच चाललोय.

काकांचं लोहाऱ्याला खतं-औषधांचं दुकान आहे. एका कंपनीनं त्या वर्षी चांगला माल खपवणाऱ्या दुकानदारांना मुंबईहून बोटीची सहल दिली. समुद्रावर दोन दिवस फिरून परत. जिल्ह्यातले बरेच दुकानदार बायकांसह निघाले होते. काकांचा गुडघा नेमका तेव्हाच बिघडला. मग ठरलं, काकू जातील आणि सोबतीला मी. काकूंनी समुद्र पाहिलेला नव्हता. आठवडाभर त्या मला विचारत होत्या, धरणाचा पलीकडचा काठ दिसतो तसा समुद्राचा दिसतो का. न्हाय दिसत म्हटलं की हसायच्या. त्यांना ते पटायचंच नाही.

आणि मी काय करत होतो? मोबाईलवर एक व्हिडिओ बघत होतो. कुठल्याशा परदेशी बोटीवरचा माणूस सांगत होता—आपली वाईन आपण न्या, सोबत कॉर्कस्क्रू न्यायला विसरू नका, बाटली आत नेऊ देतात. मला ते फार ऐटदार वाटलं. मी निघायच्या आधी सोलापूरला जाऊन एक बाटली घेतली, बूच काढायचा तो पेच घेतला. आमची बोट वेगळी, तिचे नियम वेगळे असतील—हे डोक्यातच आलं नाही. जगाला नियम विचारणारा मी, तो साधा नियम विचारायला विसरलो.

आता ऐका. ती बाटली मी माझ्या सॅकमध्ये ठेवली नाही. काकूंच्या बॅगेत ठेवली. धपाट्यांचं फडकं, शेंगाचटणीचा डबा आणि त्याखाली त्यांचं इरकल लुगडं. त्या लुगड्यात बाटली गुंडाळली आणि पेच तिथंच खोचला. का? माझी सॅक भरली होती? नाही, अर्धी रिकामी होती. कपाळभर कुंकू लावलेल्या बाईची बॅग कोण उघडणार, असा मी विचार केला होता. काकूंच्या अब्रूचा मी आडोसा केला. हे चुकून झालं नाही. घरात कुणी नसताना, शांत डोक्यानं केलं.

बंदरावर बॅग यंत्रातून गेली आणि थांबली. तिथल्या बाईनं विचारलं, ही कुणाची? काकू पुढं झाल्या, माझी म्हणाल्या. बॅग त्यांचीच होती ना. मागं रांगेत आमचेच सगळे दुकानदार आणि त्यांच्या बायका. त्या बाईनं धपाटे बाहेर काढले, डबा काढला, मग लुगडं उलगडलं. बाटली टेबलावर उभी राहिली. शेजारी पेच. काकूंनी आधी तो पेचच हातात घेतला.

“सुताराचं गिरमिट हाय व्हय हे?” त्या म्हणाल्या. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

मग त्यांनी बाटलीकडं पाहिलं, आणि माझ्याकडं. “संदीप, हे माझ्या लुगड्यात कुठनं आलं रं?”

इथं एक क्षण होता. मी तो नंतर किती वेळा मोजलाय, काय सांगू—बाटली माझी, एवढंच म्हणायला तो पुरेसा होता. पण रांगेत आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीचे एक दुकानदार उभे होते. माझी पत्रकं दुकानाच्या काचेवर चिकटवणारे. ते माझ्याकडं बघत होते.

मी म्हणालो, “मला काय ठाऊक, काकू?” आणि तेवढ्यावर थांबलो असतो तर निदान भित्रा म्हणून सुटलो असतो. मी पुढं विचारलं, “तुम्हाला कुणी दिली होती का ठेवायला?”

सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

बाटली आणि पेच त्या लोकांनी ठेवून घेतला, काकूंच्या नावाची चिठ्ठी बांधली आणि उतरताना परत मिळेल म्हणाले. काकूंनी लुगड्याची घडी घातली. घडी नीट बसत नव्हती, त्यांनी ती तिथंच दोनदा मोडून घातली.

आमच्या खोलीला खिडकी नव्हती. दोन दिवस काकू त्या खोलीत बसून राहिल्या. जेवायला तेवढ्या आल्या, भिंतीकडं तोंड करून जेवल्या. मी वर गेलो, कठड्याला टेकून समुद्र पाहिला. पलीकडचा काठ खरंच दिसत नाही. खाली येऊन हे त्यांना सांगितलं नाही.

परतीच्या बसमध्ये वाशीच्या त्या दुकानदारांनी बाटली पेचासकट काकूंच्या मांडीवर आणून ठेवली. “वहिनी, तुमची ठेव बोटीवर राहत होती की.” बस हसली. मी खिडकीबाहेर बघत होतो. काकूंनी बाटली माझ्याकडं दिली, म्हणाल्या ओतून टाक, पण फोडू नको, काच कुणाच्या तरी पायात जाईल.

मी ती ओतली नाही. आठवड्यानं धरणाच्या भिंतीमागं बसून प्यायलो. चांगली लागली, हेही सांगतो.

आमच्या आधी बातमी गावात पोचली होती. आडवी बाटलीवाली बाई उभी बाटली घेऊन बोटीवर गेली—पारावर हे रोज नव्यानं सांगितलं जायचं. दुकानवाल्याला तर आयतंच सापडलं. चळवळीतली पोरं माझ्याकडं आली. काहीतरी लिही म्हणाली, पडताळणी तोंडावर आलीय, बायांच्या मनातलं काढून टाक. त्यांना वाटलं, मी काकूंच्या बाजूनं लिहीन.

मी लिहिलं. पानभर. चळवळीत शिरलेल्या ढोंगावर लिहिलं. ज्यांचं बोलणं एक आणि पिशवीत दुसरंच, त्यांनी पुढं राहू नये, असं लिहिलं. नाव कुणाचं नाही. नावाची गरज कुठं होती? लिहिताना माझा हात भराभर चालत होता. इतकं धारदार मी त्याआधी लिहिलेलं नव्हतं. आपल्याच पापाबद्दल दुसऱ्यावर रागवताना भाषा कशी सुचत जाते, ते मला त्या दिवशी कळलं.

आणि मग मी ते पत्रक घेऊन काकूंकडं गेलो. नेम होता ना. का गेलो? अजूनही नीट सांगता येत नाही. त्यांनी थांबवावं म्हणून? की त्यांच्यासमोरही मला ते वाचता येतं, हे बघायला?

त्या ज्वारी पाखडत होत्या. मी उंबऱ्यावर बसून वाचत गेलो. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सूप एकदाही थांबलं नाही. माझं संपलं तरी सुरूच होतं. सुपातली ज्वारी कधीच निवडून झाली होती.

मग त्या म्हणाल्या, “लई सोपं लिव्हलंस. बायांना लगेच कळंल.”

कळलं. पत्रक घरोघर गेलं. काकू सह्यांच्या कामातून बाजूला झाल्या. पडताळणीच्या दिवशी साहेब पंचायतीत वह्या उघडून बसले होते आणि ज्यांनी सह्या केल्या होत्या त्या बाया शेतात निघून गेल्या. अर्ज फेटाळला गेला. मतदान झालंच नाही. शाळेच्या वाटेवरचं दुकान आजही उघडं आहे.

मी अजून पत्रकं लिहितो. आता ती कुणाला वाचून दाखवत नाही. काकूंकडं जातो, चहा पितो, त्या सगळ्यांची चौकशी करतात. त्या बाटलीचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. त्यांना त्या दिवशी टेबलापाशीच कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. पण हे लिहून झालं तेही मी आधी तुमच्यासमोर ठेवलं. त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन वाचलेलं नाही.

बाटली मी आणली होती. काकूंच्या लुगड्यात मी गुंडाळली होती. यात सूप थांबावं असा एकही शब्द नाही. हे मला तेव्हाही लिहिता येत होतं.