डाव्या इंजिनाचा हार

काल दसऱ्याला लालबागच्या आमच्या चाळीत शेजारच्या सावंतांनी जुनी स्कूटर धुतली, तिला झेंडूचा हार घातला आणि किक मारली. ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा निळा धूर आणि झेंडू, दोन्ही वास एकदम वर आले. मी गॅलरीचा कठडा घट्ट धरला.

तीस वर्षांपूर्वी माहीमच्या डॉमनिकने आणि मी मिळून दोन इंजिनांचं एक जुनं अल्ट्रालाइट, म्हणजे स्कूटरसारख्याच पेट्रोलवर चालणारं अगदी हलकं विमान घेतलं होतं. ते घाटावरच्या एका माळावर असायचं. त्या दसऱ्याला मी दोन्ही इंजिनांना हार बांधले. गाठ वडिलांनी शिकवलेली, मिलमधली, काही केल्या न सुटणारी. डॉमनिक हसला, "बस कर रे, फुलांनी जड होईल ते!" मग उडायच्या घाईत मी हार ओढूनच तोडले.

डॉमनिक एकटाच वर गेला आणि डावं इंजिन बंद पडलं. आभाळात अर्धाच आवाज उरला. तो ऐकत मी खाली उभा, हातात तुटलेले हार.

उजव्या इंजिनावर तो कसाबसा उतरला.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"काय नाय. कार्बोरेटरमध्ये कचरा गेला."

पुढे कित्येक वर्षं मी हा किस्सा हसत हसत सांगायचो.

यंदा डॉमनिक गेला. त्याच्या बायकोने त्याची हत्यारांची पेटी मला दिली. तळाशी, कागदात जपून ठेवलेला, तेलाने काळा पडलेला दोऱ्याचा तुकडा होता. त्यावरची मिलमधली गाठ अजून सुटलेली नव्हती.